शेलापागोटे आणि शाळा सोडल्याचा दाखला

शाळेतून कायमचा बाहेर पडणारा मराठी विद्यार्थी बहुधा दोन कागद बरोबर घेऊन जातो. पहिल्यावर मुख्याध्यापकांची सही व शाळेचा शिक्का असतो. त्यास शाळा सोडल्याचा दाखला म्हणतात. दुसरा वहीच्या पानाचा फाडलेला चतकोर तुकडा असतो. त्यावर सही नसते, तारीख नसते, आणि अक्षरही बहुधा मुद्दाम बदललेले असते. त्यास शेलापागोटे म्हणतात. फिशपाँड हे त्याचे इंग्रजी नाव अधिक रूढ आहे. पहिल्या कागदावर 'वागणूक' या रकान्यापुढे 'चांगली' असा शेरा असतो. याहून निराळा शेरा मिळालेला विद्यार्थी निदान आमच्या पाहण्यात नाही. दुसऱ्या कागदावर त्याच विद्यार्थ्याच्या त्याच वागणुकीचे जे वर्णन असते, ते दाखल्यावर उतरले तर त्यास कोणत्याही कचेरीत चिकटता यावयाचे नाही.

ज्यांचे आयुष्य फायली व शेरे यांत जाते अशा आम्हां कारकुनांस हा भेद चटकन उमगतो. सरकारी दप्तरात कागदांची वर्गवारी असते. काही कायम राखावयाचे, काही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचे. शाळेचे जनरल रजिस्टर कायम राखले जाते. शेलापागोट्यांची मुदत मात्र त्या सायंकाळपुरतीच असते, आणि दुसऱ्या दिवशी शिपाई ती झाडून टाकतो. शिक्षणाचा इतिहास पहिल्या प्रकारच्या कागदांवरून पुष्कळ लिहिला गेला आहे. मुलांनी शाळेचा आणि एकमेकांचा निरोप हसत का व केव्हापासून घ्यावयास आरंभ केला, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. त्याचा थोडासा विचार येथे करावयाचा आहे.

निरोपाचा समारंभ आपल्याकडे नवा नाही. गुरुगृही अध्ययन संपविलेल्या शिष्याचा समावर्तन नावाचा संस्कार गृह्यसूत्रांत सविस्तर सांगितलेला आहे. शिष्याने स्नान करावयाचे, नवी वस्त्रे ल्यावयाची, मस्तकी उष्णीष बांधावयाचे, पायांत जोडा आणि हाती छत्री व दंड घ्यावयाचा, आणि स्वगृही परतावयाचे. या स्नानावरूनच 'स्नातक' हा शब्द आला. त्या उष्णीषाकडे पाहिले म्हणजे निरोपाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या डोक्यावर पागोटे चढविण्याची चाल आपण समजतो तितकी अर्वाचीन नाही, असे गमतीने म्हणावयास हरकत नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्यांनी या प्रसंगी केलेला उपदेश आहे. त्यातील सत्य व धर्म यांविषयीचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच उपदेशात आचार्य शिष्यास असेही सांगतात की, आमच्या आचरणात जे चांगले असेल तेवढ्याचेच अनुकरण कर, बाकीच्याचे करू नकोस. गुरूच्या वागण्यात घेण्याजोगा आणि टाकण्याजोगा असे दोन भाग असतात व त्यांची निवड शिष्याने करावयाची असते, हे आपल्या परंपरेने इतक्या जुन्या काळी मान्य केले होते. निरोपाच्या दिवशी गुरुजींची थट्टा करणारा विद्यार्थी कळत-नकळत याच निवडीचा हक्क बजावीत असतो.

तथापि समावर्तन हे एकेकट्या शिष्याचे असे. पुढे पंतोजींच्या शाळेतही हीच स्थिती राहिली. धूळपाटीवर अक्षरे गिरवावी, उजळणी व पावकी-निमकी घोकावी, मोडी वळण बसवावे, आणि हिशेब मांडण्यापुरती विद्या झाली की बापाने मुलाला दुकानात किंवा दप्तरावर बसवावे. कोणी चैत्रात शाळा सोडी, कोणी दिवाळीनंतर. एकाच वयाची मुले एकाच यत्तेत, एकाच पुस्तकावर, वर्षानुवर्षे एकत्र बसत आहेत असा 'वर्ग' तेथे नव्हता. वर्ग नव्हता म्हणून वर्गमित्र नव्हते, आणि म्हणून वर्गाचा निरोपही नव्हता.

वर्ग निर्माण केला तो इंग्रजी अमदानीतील शाळेने, आणि त्यास शेवट दिला तो परीक्षेने. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे अवघे चौघे होते. एका बाकावर मावेल एवढा हा पदवीधरांचा वर्ग! त्यांच्या निरोपाचा समारंभ झाला असता तर हार घालणारेही बाहेरून आणावे लागले असते. परंतु मॅट्रिकची गोष्ट निराळी होती. जिल्ह्याजिल्ह्यांत हायस्कुले निघाली तसतशी दरवर्षी एक ठरावीक तिथी अशी येऊ लागली की, तिच्या आदल्या दिवसापर्यंत सारी मुले एक असत आणि नंतर विद्यापीठ त्यांची पास व नापास अशी वाटणी करून टाकी. 'मॅट्रिक नापास' हीदेखील एक पात्रता गणली जावी, इतका या परीक्षेचा दरारा होता.

निरोपाच्या हास्याचे मूळ आम्हांस या तिथीत दिसते. वाटणी होणार हे सर्वांस ठाऊक असते, पण कोण कोणत्या बाजूस जाईल हे अद्याप कोणासच ठाऊक नसते. पहिल्या बाकावरचा आणि शेवटच्या बाकावरचा यांस एकाच मापाने हसता येईल असा हा अखेरचा दिवस होय. निकालानंतर तेच हसणे एकाला टोचेल आणि दुसऱ्याला शोभणार नाही.

मुले एकत्र राहू लागली की टोपणनावे जन्मास येतात. डेक्कन कॉलेजात असता टिळकांस त्यांचे सहाध्यायी 'ब्लंट' म्हणत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लोकमान्य ही पदवी पुढे राष्ट्राने दिली. पण स्वभावाचे मर्म वसतिगृहातील पोरांनी त्यापूर्वीच हेरले होते. शेंगांच्या टरफलांची आख्यायिका तर महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत दर पुण्यतिथीस सांगितली जाते. तिच्या सत्यासत्यतेपेक्षा आम्हांस लक्षणीय वाटते ते हे की, एवढ्या मोठ्या पुरुषाचे चरित्र मुलांच्या मनात ठसले ते वर्गातल्या एका खोडीच्या निमित्ताने. याच कॉलेजात टिळक-आगरकरांचा स्नेह जुळला. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले व आगरकर लवकरच त्यास येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. वर्गमैत्रीतून संस्था उभी राहिल्याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे नाही, आणि तीच मैत्री पुढे मतभेदांनी तुटल्याचेही नाही.

शाळाकॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत नाटके, नकला व खाणे यांच्या जोडीस शेलापागोटी आली. त्यांच्या नावाची गंमत पाहण्यासारखी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळी इंग्लंडातील धर्मादाय बाजारांत फिशपाँड नावाचा खेळ असे. पडद्यापलीकडे गळ टाकावयाचा आणि पलीकडच्या माणसाने त्यास एखादी भेटवस्तू अडकवून द्यावयाची. काय लागेल याचा नेम नसे. आपल्या संमेलनांत निनावी चिठ्ठ्या पेटीत जमवून मोठ्याने वाचतात, त्या प्रकारास हे नाव याच खेळावरून मिळाले असावे. मराठीने मात्र त्याचे भाषांतर करण्याचे टाळले. शेला आणि पागोटे देऊन सन्मान करणे ही आपल्या दरबारांतील व लग्नकार्यांतील जुनी रीत. तो मानाचा शब्द मराठी विद्यार्थ्यांनी टोमण्यास बहाल केला. सन्मानाच्या वेषात टोला, आणि तोही सभेसमक्ष! इंग्रजी नावात जी नुसती मौज आहे तिच्या जागी मराठी नावात उपरोध आला.

विडंबनासही याच वातावरणात बहर आला. केशवकुमारांचा 'झेंडूची फुले' हा संग्रह १९२५ साली निघाला, आणि त्याचे कर्ते आचार्य अत्रे हे पेशाने शिक्षक होते. त्या काळच्या काव्यातील लकबींवर त्यांनी जे केले, तेच शाळकरी पोरे मुख्याध्यापकांवरच्या आरत्यांत आणि भोजनगृहावरच्या पोवाड्यांत आपल्या परीने करीत आली आहेत.

येथवरचे चित्र गोजिरवाणे आहे, पण ते अपुरे आहे. ज्या वर्गाने हसून निरोप घेतला त्या वर्गात बसू कोणाला दिले होते, हे विचारल्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी स्पष्ट बजावले होते की, शेतकऱ्यांच्या श्रमांतून येणारा सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होत असून बहुजनांची मुले प्राथमिक शाळेपासूनही वंचित आहेत. मुलींसाठी पुण्यास हुजूरपागेची शाळा निघाली ती १८८४ साली. तिच्या संस्थापकांत पूर्वोक्त चौघांपैकी रानडे, भांडारकर व मोडक हे तिघे होते. म्हणजे त्या चौघांच्या वर्गातील बाकावर मुलीस जागा होण्यास आरंभ झाला, तो बावीस वर्षांनी.

भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा त्यांस इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांस संस्कृत घेऊ दिले नाही. फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या सत्काराची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. त्या मुलाला शाळेने कोणता निरोप दिला हे इतिहासाने नोंदविलेले नाही. शाळेबाहेरच्या एका शिक्षकाने दिलेले पुस्तक मात्र नोंदविले आहे. १९५६ साली नागपुरास जे घडले त्याच्याशी या भेटीचा संबंध कोणीही जोडील. शेलापागोट्यांची थट्टा सोसण्यासदेखील आधी त्याच बाकावर बसण्याचा अधिकार असावा लागतो. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून काढलेली वसतिगृहे आणि भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेली रयत शिक्षण संस्था यांचे मोल या दृष्टीनेही आहे. निरनिराळ्या जातींच्या मुलांना भाऊरावांनी एका पंक्तीस बसविले, आणि जे एका पंक्तीस जेवतात तेच एकमेकांस मोकळेपणाने हसू शकतात.

परीक्षा बदलली तसा निरोपही बदलला. मुंबई इलाख्यात १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस. एस. सी. ने घेतली. १९६६ च्या आरंभी महाराष्ट्राचे राज्य मंडळ अस्तित्वात आले, आणि पुढील दशकात अकरावीचे टोक मोडून शालान्त परीक्षा दहावीस आली. आमच्या वडिलांच्या पिढीतील जी माणसे अजून 'आम्ही अकरावी मॅट्रिक' असे अभिमानाने सांगतात, त्यांचा वर्ग आमच्यापेक्षा एक वर्ष अधिक एकत्र राहिला, एवढाच त्याचा खरा अर्थ.

परप्रांती नोकरी करणाऱ्या वाचकांस याहून जवळचा असा एक फरक आहे. बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६२ साली एक योजना मंजूर झाली आणि १९६३-६४ मध्ये लष्करी रेजिमेंटांच्या २० शाळा ताब्यात घेऊन तिचा आरंभ झाला. आजची केंद्रीय विद्यालये ती हीच. ही शाळा नसती तर आमच्यापैकी कित्येकांस मुलांच्या शिक्षणासाठी संसाराचे दोन भाग करावे लागले असते. पण बदलीच्या मुलाचा वर्ग हा वाहत्या पाण्यासारखा असतो. तो तिसरीत जबलपुरास, सहावीत गुवाहाटीस आणि नववीत दिल्लीस. त्याला निरोप अनेक मिळतात, परंतु दहावीच्या निरोपसमारंभात जे वर्गमित्र असतात त्यांनी त्यास बालवयात पाहिलेले नसते. चिठ्ठी लिहावयास स्वभाव ठाऊक असावा लागतो, आणि दोन वर्षांत फार तर उंची ठाऊक होते. शिवाय ती चिठ्ठी मराठीत असण्याचा संभव थोडा. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी वस्तीने किंवा दिल्लीच्या नूतन मराठी शाळेसारख्या संस्थांनी आपल्या भाषेतील वर्ग उभा केला, त्यात केवळ मराठीचा तास मिळविणे हा हेतू नव्हता. ज्या भाषेत मूल थट्टा करते ती त्याची खरी भाषा. आणि थट्टेला सोबती लागतात.

आमचे स्वतःचे शालेय शिक्षण एका लहान गावी, एकाच शाळेत, एकाच तुकडीत झाले. दहावीच्या निरोपास चहा, चिवडा आणि एकेक पेढा होता. वर्गणी काढून शाळेस भिंतीवरचे घड्याळ द्यावयाचे ठरले, आणि घड्याळ नेमके गणिताच्या गुरुजींच्या हस्ते स्वीकारले गेले, ज्यांचा तास घंटा झाल्यावरही पंधरा मिनिटे चाले. तेवढ्यानेच सभा हसली. मग चिठ्ठ्या निघाल्या. नेहमी वर्गाबाहेर उभ्या राहणाऱ्या मित्रास मिळाले : 'दाराला कडी कशाला? हा आहेच.' गणिताच्या गुरुजींस : 'गुरुजी, तुमचा क्ष दरवर्षी हरवतो, यंदा त्याला गोठ्यात बांधा.' गुरुजींनी ती चिठ्ठी मागून घेतली, घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली, आणि म्हणाले, 'यातले शुद्धलेखन बरोबर आहे, म्हणजे लिहिणारा कोण ते शोधणे सोपे आहे.' त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेला हा पहिला विनोद होता. दहा वर्षे ज्यांना आम्ही केवळ भ्यालो, त्यांची आणि आमची ओळख त्या दिवशी झाली, आणि त्याच दिवशी ती संपली. 'दाराची कडी' पुढे परीक्षेत अडखळला आणि गावीच राहिला. त्या सायंकाळी मात्र सर्वांहून मोठ्याने तोच हसला होता.

निरोप न मिळालेल्या वर्गांचीही नोंद करावयास हवी. १९२० सालच्या असहकारात अनेक मुलांनी सरकारी शाळा सोडल्या. १९४२ साली तसेच घडले. त्यांनी शाळेचा निरोप स्वतः होऊन घेतला. २०२० च्या मार्चात मात्र महाराष्ट्रातील दहावीच्या मुलांस तो घेताच आला नाही. साथीमुळे भूगोलाचा अखेरचा पेपर लांबला आणि मग रद्दच झाला. शेवटचा पेपर संपवून शाई उडवीत बाहेर पडण्याचा क्षण त्यांच्या वाट्यास आला नाही. २०२१ साली तर संबंध परीक्षाच रद्द झाली. परीक्षा नको म्हणून दीडशे वर्षे गाऱ्हाणे घालणाऱ्या विद्यार्थिवर्गाचे गाऱ्हाणे असे फळास आले, आणि ते फळ कडू लागले. दाखले सर्वांस मिळाले. पुष्कळांच्या वर्गाची पांगापांग मात्र निरोपावाचून झाली.

अखेर दाखल्याविषयीही थोडे बरे बोलले पाहिजे. त्यावरची जन्मतारीख हीच आमच्या सर्व्हिस बुकात उतरते आणि ती सहसा बदलत नाही. महाराष्ट्रात एके काळी शाळा जूनमध्ये सुरू होत, आणि ज्यांना मुलाचा जन्म केवळ कोणत्या पावसाळ्यात झाला एवढेच आठवे, अशा आईबापांची मुले गुरुजींनी सरसकट १ जूनला जन्मास घातली. नियम असा आहे की, ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असेल तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी कितीतरी कचेऱ्यांत मराठी माणसांचे निरोपसमारंभ एकदम होतात. कोण्या गुरुजींनी पहिलीच्या दिवशी टाकाने लिहिलेली तारीख साठ वर्षे पुरी होताच अशी अमलात येते.

त्या समारंभात हार, शाल, श्रीफळ आणि समोसे असतात. वक्ते एकामागून एक उठतात आणि निवृत्त होणाऱ्याची वागणूक 'चांगली' होती असेच सांगतात. शाल खरी असते, गौरवही मनापासून असतो. पण ज्याला सारे केवळ चांगला म्हणतात तो माणूस घरी जाताना थोडा एकाकी दिसतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्याच्या खोडी ज्यांना ठाऊक होत्या ते कोणी तेथे नसतात.

राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली, ती माळ्यावर पडलेल्या आणि वाण्याच्या पुडीस जाऊ घातलेल्या कागदांतून. आमची विनंती अगदी लहान आहे. वाचकांपैकी कोणाच्या जुन्या पेटीत वर्गाचे छायाचित्र, स्वाक्षऱ्यांची वही किंवा असा एखादा चतकोर कागद असेल, तर त्याच्या मागे शाळेचे नाव, साल आणि आठवतील तेवढ्या मुलांची नावे लिहून ठेवावी. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगू शकणारे आता एकेक करून कमी होत आहेत; आणि दाखल्यावरून ते कोणालाही कळणार नाही.